सगळ्यांची गेली की आपलीच?

कळंबात लाईट जाण्याचे दोनच प्रकार आहेत: सगळ्यांची जाणं आणि आपलीच जाणं. सगळ्यांची गेली तर माणूस अंगणात बाज टाकतो, शेजाऱ्याला हाक मारतो आणि सरकारपासून उसाच्या दरापर्यंत निवांत बोलत बसतो. आपलीच गेली तर घरात सुतक पडतं. अंधार दोन्हीकडं तेवढाच असतो. फरक एवढाच की पहिल्या अंधाराला वीज कंपनी जबाबदार असते आणि दुसऱ्याला घरातला कर्ता पुरुष.

म्हणून व्हरांड्यातली ट्यूब विझली की कुणी ट्यूबकडं बघत नाही. पहिली नजर जाते समोरच्या घरावर. तिथं उजेड दिसला की पोटात गोळा येतो. तरी आशा सुटत नाही. लख्ख उजेडात भाकरी थापत बसलेल्या बाईला आपण विचारतो, "वहिनी, तुमच्यात हाय का लाईट?"

"हाय की. तुमच्यात न्हाय व्हय?"

या 'व्हय'च्या हेलात सहानुभूती एक आणा असते आणि समाधान पंधरा आणे.

हे कळंब म्हणजे धाराशिवचं नव्हे, यवतमाळचं नव्हे आणि आंबेगावातलंही नव्हे. हे इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरला खेटून असलेलं. खरं तर वालचंदनगरच कळंबला खेटून आहे, कारण कळंब आधीचं. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इथं साखर कारखाना काढला, त्याच्याभोवती वसाहत झाली, आणि साखर कारखान्यांची यंत्रं बनवता बनवता पुढं इस्रोच्या रॉकेटच्या मोटरची आवरणंही इथं बनू लागली. चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट वर गेलं, त्याच्या बूस्टरच्या आवरणांचे काही भाग वालचंदनगरचे. त्यामुळं पंचक्रोशीत कुठल्याही पारावर कंपनीतनं रिटायर झालेला एखादा फिटर, टर्नर, वेल्डर नाहीतर वायरमन हमखास बसलेला असतो. अशा मुलखात ट्यूब बंद पडणं ही घरगुती बाब राहत नाही. चंद्राला हात लावून आलेल्या मुलखाची अब्रू चार फुटी पट्टीला टांगलेली असते.

समोरच्याची आहे आणि आपली नाही, एवढ्यावर खटला संपत नाही. मग फेजचा मुद्दा निघतो. गावच्या डीपीतून तीन फेज निघतात: लाल, पिवळा, निळा. घरं या तिघांत वाटलेली. एका फेजचा फ्यूज उडाला की त्याच्यावरची घरं अंधारात आणि बाकीची झगझगीत. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांपैकी एकात टीव्हीवर मालिका आणि दुसऱ्यात मेणबत्ती, हे दृश्य इथं नवं नाही. त्यामुळं 'आपलीच' गेली असं दिसलं तरी 'आपल्या फेजची' गेली असेल, ही शेवटची आशा प्रत्येकाला असते. माणूस गल्लीत उतरून आपल्या दुःखाचे भागीदार शोधू लागतो. दोन-चार अंधारी घरं सापडली की त्याचा चेहरा उजळतो.

ज्याच्या मीटरपाशी फेज बदलायची सोय असते, तो दरम्यान गपचूप चालू फेजवर येतो. त्याच्या घरात उजेड पडलेला बघून दुसरा येतो, मग तिसरा. बघता बघता अख्खी आळी एकाच फेजवर येऊन बसते. त्याला तो भार सोसत नाही आणि तोही उडतो. मग सगळ्यांची जाते. आणि सगळ्यांची गेली, की आळीत कसं मोकळं मोकळं वाटतं.

मग फोन 'एमएसईबी'ला लावायचा. वीज मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि २००५ साली त्याची वाटणी झाली. भावांनी चुली वेगळ्या कराव्यात तशी आता एक कंपनी वीज बनवते, दुसरी ती वाहून नेते आणि तिसरी घरोघर पोचवते. गाव मात्र अजून म्हाताऱ्याच्याच नावानं हाक मारतं. तिन्ही पोरांत बोलणी तिसरंच खातं, कारण दारात बिल घेऊन तेवढंच येतं. वायरमनला फोन लागला तर तो खांबावर असतो. लागला नाही तर तो खांबावर आहे म्हणूनच लागत नसणार, अशी आपण समजूत करून घ्यायची. पावसात, रात्रीच्या अंधारात, उसाच्या सरीतून वाट काढत त्या खांबापर्यंत जाणं काय असतं, हे ज्याला ठाऊक आहे तो दुसऱ्यांदा फोन लावत नाही. ज्याला ठाऊक नाही तो दर पाच मिनिटांनी लावतो.

एवढ्या सगळ्या चौकशीतून कंपनी निर्दोष सुटली, डीपी सुटला, फेज सुटला, म्हणजे मग नाइलाजानं लोकांना घरातल्या ट्यूबकडं बघावं लागतं.

ट्यूबवर नाराज असणं ही इथली जुनी गोष्ट. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं इथं ऊस आला आणि उसाबरोबर मळ्यामळ्यांत मोटारी आल्या. गावठाणाची आणि शेतीची लाईन वेगळी होण्याआधी संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या रे झाल्या की गावातलं व्होल्टेज उतरायचं. साठचा पिवळा बल्ब अशा वेळीही मिणमिणत का होईना जळायचा. ट्यूब मात्र मानी. पुरतं व्होल्टेज मिळाल्याशिवाय ती पेटतच नसे, नुसती लुकलुकायची. सगळं घर माना वर करून बघत असायचं, आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, "लागंल आता, लागंल." मोटारी बंद झाल्या की मध्यरात्री ती आपसूक लागायची आणि झोपलेल्यांची झोपमोड करायची.

या लुकलुकण्याचं सगळं बिल स्टार्टरच्या नावावर फाटायचं. स्टार्टर म्हणजे पट्टीच्या खोबणीत पाव फेरा देऊन बसवलेली अंगठ्याएवढी डबी. तिच्या आत काचेची कुपी, कुपीत थोडा वायू आणि दोन वेगवेगळे धातू जोडून केलेली एक पट्टी. बटण दाबलं की कुपीत बारीक उजेड पडतो, त्याच्या उष्णतेनं पट्टी वाकते आणि समोरच्या टोकाला टेकते. टेकली की करंट ट्यूबच्या दोन्ही टोकांतल्या तारांतून धावतो आणि त्या तापतात. तेवढ्यात पट्टी निवते आणि सुटते. ती सुटल्याबरोबर चोक असा काही झटका देतो की ट्यूबमधल्या वायूतून आणि पाऱ्याच्या वाफेतून वीज आरपार जाते. त्यातून निघतो तो बहुतेक अतिनील प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. काचेला आतून लावलेली पावडर त्याचा पांढरा उजेड करते. बटण दाबल्यापासून ट्यूब लागेपर्यंतच्या दोन-तीन मिचमिचण्यांत एवढं रामायण घडून जातं.

पण खरी गंमत पुढं आहे. ट्यूब एकदा लागली की स्टार्टरला काडीचं काम उरत नाही. तो काढून घेतला तरी ती जळत राहते. हे ज्ञान इथं पुस्तकातून आलं नाही, काटकसरीतून आलं. स्वयंपाकघरातली ट्यूब लावायची, स्टार्टर काढून घ्यायचा, तोच माजघरात बसवून तिथली लावायची, मग गोठ्याकडं जायचं. तीन ट्यूबा आणि स्टार्टर एक. ज्याच्या खिशात स्टार्टर, तो घरचा कारभारी. अशा घरात मधेच दोन मिनिटं लाईट जाऊन आली, की तो कारभारी कुठं असेल तिथून त्याला बोलावून आणावं लागायचं.

चोकची तऱ्हा वेगळी. जुना चोक वजनदार, गुंगुं आवाज करणारा. उन्हाळ्यात पंखा बंद असला की रात्रभर त्याचा आवाज ऐकावा लागायचा. पण त्याला मान होता. जळाला तरी आतल्या तांब्याला भंगारवाला भाव द्यायचा. पुढं इलेक्ट्रॉनिक चोक आला तेव्हा गावातल्या जाणत्यांनी तो तळहातावर झेलून बघितला आणि नाकं मुरडली. "ह्यात काय वजन न्हाय राव." तो गुणगुणत नव्हता, ट्यूब पटकन लावत होता, वीजही कमी खात होता. पण हाताला भरत नाही त्या वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा?

त्याहून आधीचा तो साधा बल्ब. त्याची तार तुटली की शहरातला माणूस तो फेकून द्यायचा. इथला माणूस तो होल्डरमधून काढून उजेडाकडं धरायचा, हळूहळू हलवत तुटलेलं टोक दुसऱ्या टोकावर अडकवायचा आणि श्वास रोखून परत लावायचा. करंट आला की टोकं चिकटून बसायची आणि बल्ब पहिल्यापेक्षा जास्त लख्ख पडायचा. तार आखूड झाली की तिचा अडथळा कमी होतो, करंट जास्त धावतो, म्हणून तो लखलखाट. तो फार टिकायचा नाही, पण चार रात्री जरी निघाल्या तरी बल्बचे पैसे वाचल्याचा आनंद पदरात पडायचा.

बल्बच्या आयुष्यावरून जगातही काही कमी उलाढाली झालेल्या नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ साली लावलेला एक बल्ब शंभर वर्षं उलटून गेली तरी जळतोय. आणि १९२४ साली जिनिव्हात बड्या बल्ब कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं की यापुढं बल्ब हजार तासांच्या पुढं जगता कामा नये. ज्या कंपनीचा जास्त जगेल, तिला दंड. ही हकीकत पारावर सांगून बघा. कुणाला धक्का बसणार नाही. "मी म्हणतच हुतो," एवढंच म्हणून माणूस तंबाखू मळायला घेईल. बंद पडलेल्या दिव्यामागं आपल्या घराच्या बाहेरचा कुणीतरी असतो, यावर त्याचा आधीपासूनच विश्वास होता. जिनिव्हानं फक्त पुरावा दिला.

आता टेस्टर. कंपनीतनं रिटायर झालेले एक तात्या आमच्या आळीत आहेत. त्यांचा टेस्टर टोपीच्या घडीत खोचलेला असतो. परवा एका घरी व्हरांड्यातला बल्बही लागेना आणि पंखाही फिरेना. तात्या आले. बोर्डापुढं उभं राहून त्यांनी आधी चप्पल पायात आहे का ते बघितलं. घरातल्या पोरानं तत्परता दाखवली, "मेन बंद करू का, तात्या?"

"करंट बघायचाय आन् मेन बंद करतोस व्हय रं? डोकं चालीव जरा."

तात्यांनी टेस्टर प्लगच्या एका भोकात घातला, मागच्या टोपणावर बोट ठेवलं. आतला दिवा लागला. "आला." मग दुसऱ्या भोकात घातला. तिथंही लागला. "हितं बी आला."

व्हरांड्यात शांतता पसरली. एका बाजूला फेज आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, हा कायदा सगळ्यांना पाठ. इथं तर दोन्हीकडं करंट! पोरगं म्हणालं, "मग तर डब्बल लाईट पायजे, तात्या."

तात्यांनी टेस्टर पुसून टोपीत खोचला आणि निकाल दिला. "न्यूट्रल गेलाय."

गोष्ट खरोखर तशीच असते. वीज नुसती येऊन भागत नाही, तिला परत जायलाही वाट लागते. परतीची वायर कुठंतरी तुटली की फेजमधून आलेला करंट बल्बपर्यंत येतो, बल्बातून पलीकडं उतरतो आणि तिथंच खोळंबतो. म्हणून टेस्टर दोन्हीकडं लागतो. करंट हाय, पण लाईट न्हाय. आणि म्हणूनच 'बंदच आहे की' असं म्हणून अशा ठिकाणी हात घालायचा नसतो. जे लागत नाही त्यात वीज नाही, असं समजणारा माणूस फार वेळ समजत राहत नाही. तात्यांनी त्याच क्षणी मेन बंद करायला सांगितलं. मघाशी त्यासाठीच बोलणी खाल्लेलं पोरगं पुटपुटत गेलं. मेन बंद झाला, आत चालू असलेली मालिका ऐन थपडेच्या प्रसंगी बंद पडली, आणि घरातून जो आवाज उठला त्यावरून पलीकडच्या घरालाही कळलं की यांची लाईट आता पुरती गेली.

वायर शोधत गेल्यावर खिडकीवरच्या जोडापाशी न्यूट्रल सुटलेला सापडला. दोन वायरी नुसत्या पिळून त्यावर गुंडाळलेली पट्टी केव्हाच उकलली होती, तांबं काळं पडलं होतं आणि वर मुंग्यांनी घर केलं होतं. मागच्या गणपतीत तिथून माळ सोडली होती. ती कुणी ओढून काढली, याचा तपास मात्र कुणी काढला नाही. उजेड होणार असला की माणसं मोठ्या मनाची होतात.

हे वैभव एलईडीनं ओसाड केलं. जुन्या पट्टीत ट्यूब, स्टार्टर, चोक, होल्डर असे चार संशयित असायचे. प्रत्येकाची उलटतपासणी करत संध्याकाळ निघायची. एलईडीच्या सीलबंद पट्टीत आरोपी एकच, आणि त्याला थेट फाशी. २०१५ साली सरकारनं उजाला योजना आणली, स्वस्तात एलईडी बल्ब वाटले, आणि घराघरांतले पिवळे बल्ब उतरले. वीज वाचली यात वाद नाही. नऊ वॅटचा बल्ब साठच्या पिवळ्याच्या तोडीचा उजेड देतो. पण बंद पडल्यावर हलवून तार जोडायची सोय गेली.

त्या बदल्यात आली वॉरंटी. शेजारच्या जंक्शन गावी दुकानात बल्ब घेतला की दुकानदार पेनानं बल्बच्या बुडावरच खरेदीची तारीख लिहितो. पावती नाही, कागद नाही, शिलालेख बल्बवरच. बल्ब बंद पडला की तो कागदात गुंडाळून दुकानात न्यायचा. दुकानदार चष्मा लावून तो फिरवतो. तारीख पुसट झालेली असते, कारण दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी बल्ब ओल्या फडक्यानं चकचकीत पुसलेला असतो. मग '१' आहे की '७' यावर दोघांत जी चर्चा होते, ती ताम्रपटाच्या वाचनापेक्षा कमी गंभीर नसते. दुकानदार एक म्हणतो तेव्हा गिऱ्हाईक सात म्हणतं.

वॉरंटी संपली तरी बल्ब संपत नाही. आठवड्याच्या बाजारात एलईडी बल्ब दुरुस्त करून देणारा बसलेला असतो. तो वरचं पांढरं झाकण खटकन काढतो आणि आतली चकती दाखवतो. तिच्यावर पिवळ्या टिकल्या, आणि एका टिकलीच्या मधोमध काळा ठिपका. सगळ्या टिकल्या एकाच ओळीत जोडलेल्या, त्यामुळं एक गेली की सगळी रांग बंद. तो त्या एका जागी डाग देऊन तिला वगळतो आणि बल्ब परत लागतो. उरलेल्यांवर भार थोडा वाढतो, त्यामुळं पुढची टिकली लवकर जाते. मग गिऱ्हाईक परत येतं. जिनिव्हातल्या कंपन्यांना जे बैठक घेऊन करावं लागलं, ते इथं एका सोल्डरिंगच्या काडीवर भागतं.

एलईडीनं भुतंही आणली. रात्री बटण बंद केल्यावरही बल्ब मंद मंद जळत राहतो. घरात म्हातारं माणूस असलं तर दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची बांधली जाते. कारण साधं असतं. बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेलं असतं, किंवा बटणातच एक लाल ठिपका लुकलुकत असतो. त्यातून झिरपणारा इवलासा करंट जुन्या बल्बच्या खिजगणतीत नव्हता, एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. हे म्हाताऱ्या आत्याबाईंना समजावून सांगितलं की त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "आसंल बाबा. पर लिंबू ऱ्हाऊ दे."

शेवटी काहीही झालं तरी दिवा लागतोच. कुणी ट्यूब फिरवलेली असते, कुणी होल्डर दाबलेला असतो, कुणी पट्टीवर टिचकी मारलेली असते, कुणी नुसतं "लागंल आता" म्हटलेलं असतं. नेमकं कशानं लागला हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि म्हणून श्रेय सगळ्यांना पुरतं. समोरून हाक येते, "काय झालं हुतं वो?" याला उत्तर एकच असतं, आणि ते सगळ्यांना मान्य असतं: "काय न्हाय, लूज हुतं." या उत्तरात कंपनीचा दोष नाही, दुकानदाराचा नाही, ज्यानं माळ ओढली त्याचा नाही आणि कर्त्या पुरुषाचा तर नाहीच नाही. एवढा निर्मळ निकाल कुठल्या कोर्टात लागत नाही.

स्टुलावर चढलेला माणूस विजयी मुद्रेनं खाली बघतो. चहा टाकलाय का, असं विचारायला तो तोंड उघडतो, तोवर खालून एक ओलं फडकं वर येतं.

"आवं, वर गेलायसाच तर तेवढी फॅनची पाती पुसून घ्या. उजेडात लई वंगाळ दिसाय लागलीत."